लवू धुरीच्या गालातली रिकामी खोली

परळच्या ज्या गिरणीत लवू धुरी बावीस वर्षं साचेवाला होता, तिथे त्याचं नाव होतं ते ओठांमुळे. गाण्यासाठी नव्हे, चाळीच्या भजनात त्याच्या हातातला टाळसुद्धा चुकायचा. बोलण्यासाठीही नव्हे, कारण साचेखात्यात शंभरावर साचे एकदम धडधडत असताना प्रत्यक्ष देव बोलला तरी कोणाला ऐकू गेलं नसतं. लवूचं नाव होतं दोरा ओढण्यात.

ज्यांनी साचा पाहिलेला नाही त्यांना हे सांगायला हवं. कापडातला आडवा दोरा, म्हणजे बाणा, इकडून तिकडे नेतो तो धोटा. होडीच्या आकाराचं गुळगुळीत लाकूड, पोटात दोऱ्याची कांडी आणि टोकाजवळ, बाजूला, चिनी मातीचं एक बारीक भोक. कांडी संपली की साचा थांबवायचा, नवी कांडी घालायची, दोऱ्याचं टोक आतून भोकाशी न्यायचं, बाहेरून भोकाला ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. दोरा तोंडात येतो. त्याच्यासोबत तेल येतं, कापसाचं पीस येतं आणि आधीच्या पाळीत त्याच धोट्याला तोंड लावून गेलेल्या माणसाची तंबाखूही येते. हे दिवसातून दोनशे वेळा. साध्या साचेवाल्याला दोन ओढी लागत, नवख्या बदली कामगाराला पाच. लवूला एक. बावीस वर्षांत त्याच्या पुढच्या दोन दातांमध्ये दोऱ्याने खाच पाडली होती, आणि ती तो लोकांना कौतुकाने दाखवायचा.

शहात्तर साली कंपनीने बारा डझन हूक आणले. बोटभर लांबीचे, पोलादी, टोकाला बारीक आकडी. तोंड न लावता दोरा ओढायला. तोंडाने ओढल्याने दात जातात, एकाचा खोकला दुसऱ्याला लागतो, असं वरून कोणीतरी लिहून पाठवलं होतं. हुकांची पेटी बुधाजी जॉबरकडे आली. जॉबर म्हणजे साच्यांचा डॉक्टर आणि साचेवाल्यांचा सासरा. बुधाजी शहाणा होता. त्याने पहिला हूक लवूच्याच हातात दिला, कारण खात्यात लवू करील ते बाकीचे करत.

लवूने हूक उलटासुलटा करून पाहिला. "ह्यो बायलांचो खेळ," तो म्हणाला. त्याची बायको राधा घरी क्रोशाचं विणकाम करायची, तिच्याकडे असलीच सुई होती.

जेवणाच्या सुट्टीत मग शर्यत लागली. एका बाजूला हूक घेऊन खुद्द बुधाजी, दुसऱ्या बाजूला लवू आणि त्याचं तोंड, प्रत्येकापुढे पाच धोटे. लवूचे पाच झाले तेव्हा बुधाजी तिसऱ्या धोट्याच्या भोकात आकडी घालून डोळे बारीक करत होता. खातं हसून हसून लोळलं. बुधाजीही हसला, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पेटी त्याच्या लोखंडी कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं. त्यानंतर साचेखात्यात कोणी जरा हळू काम करू लागला की त्याला "हूक" म्हणायची पद्धत पडली. लवूने ही गोष्ट घरी येऊन राधेला रंगवून सांगितली. राधा तेव्हा एका बाळाच्या टोपड्याची शेवटची ओळ घालत होती. तिने ती पूर्ण केली.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप लागला. पंधरा दिवसांत मिटणार, असं सगळ्यांचं मत होतं. आदल्या दिवशी लवूने आपला धोटा, अर्ध्या कांडीसकट, डब्याच्या पिशवीतून घरी आणला. पंधरा दिवसांत कोणी हरामखोराने आपल्या धोट्याला तोंड लावू नये, एवढाच हेतू. घोडपदेवच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत त्याने तो देवाच्या फळीवर ठेवला. पंधरा दिवस गेले, शिमगा गेला, पाडवा गेला. धोट्यावर हळदीकुंकवाचा एक ठिपकाही पडला. तो कोणी लावला ते राधेने सांगितलं नाही.

मे महिन्यात लवूची दाढ दुखायला लागली. वरची, उजवीकडची. लवंग ठेवून झाली, हिंग भरून झाला, विडीच्या धुराचा शेक झाला. विम्याच्या दवाखान्यात गेला तर तिथे हजेरीचा कागद मागितला. गिरणी बंद असताना हजेरी कोणाची आणायची, हे तिथल्या कारकुनालाही माहीत नव्हतं.

बुधाजी जॉबर त्याच चाळीत, खालच्या मजल्यावर राहायचा. संपाने त्याचे हात रिकामे केले होते आणि ते त्याला सहन होत नव्हतं. चार महिन्यांत त्याने चाळीतले स्टो, नळ, शिवणयंत्रं, एक कृत्रिम पाय आणि मारुतीच्या देवळाची घंटा दुरुस्त केली होती. लवू गाल धरून बसलेला दिसला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी तेज आलं.

"आ कर," बुधाजी म्हणाला. वाकून आत पाहिलं. "काय नाय रे. पाया ढिला करायचा नि ओढायचं. साच्याला काय निराळं करतो आपण?"

"तुमका जमात?" लवूने विचारलं.

"चाळीस वर्षं मी काय केलं?"

गॅलरीत स्टूल टाकलं. दोघांनी खांदे धरले, एकाने डोकं. बुधाजीने पक्कड उकळत्या पाण्यातून काढून घेतली, याबद्दल मागाहून त्याला श्रेयही मिळालं. दाढ हलत नव्हती, म्हणून त्याने ती अडकलेला खिळा काढतात तशी एकदा इकडे, एकदा तिकडे वाकवली. कट्ट असा आवाज झाला. दाढ आली. तीन मुळं होती आणि मुळांच्या बेचक्यात चिंचोक्याच्या टरफलाएवढा हाडाचा कपचा.

"मुळासकट," बुधाजी सगळ्यांना दाखवत म्हणाला. "परत दुखायची बात नाय."

आणि ते खरं होतं. ती दाढ परत दुखली नाही.

संध्याकाळी राधेने चहा दिला. लवूने घोट घेतला आणि चहा उजव्या नाकपुडीतून बाहेर आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. लवूला वाटलं ठसका लागला. दुसरा घोट घेतला, तोही त्याच वाटेने आला. साखर बरोबर होती.

पुढचे काही महिने त्याने ही गोष्ट लपवली, म्हणजे चाळीत राहून जेवढी लपते तेवढी. मान डावीकडे कलती करून चहा प्यायला शिकला. आमटी भातात पुरती कालवल्याशिवाय घेईना. विडीचं मात्र लपवता येईना. झुरका घेतला की छातीत जायच्या आधीच धूर उजव्या नाकपुडीतून आपला आपण बाहेर पडायचा. गिरणीच्या दारावर संपवाले बसत तिथे लोक त्याला मुद्दाम विडी देऊ लागले. दुसरी करमणूक नव्हती. लवूने त्या विड्या ओढल्या, कारण फुकट होत्या.

त्याचा जीव ज्यात अडकला होता ते मात्र त्याने दारावर कोणाला सांगितलं नाही. एका दुपारी राधा विणलेला माल घेऊन दादरच्या दुकानात गेली आणि घरातले बाकीचेही बाहेर असताना त्याने देवाच्या फळीवरून धोटा काढला, दोऱ्याचं टोक भोकाशी नेलं आणि ओठ लावले. ओढलं. दोरा हलला नाही. नाकातून वारा आत आला, गालातून फुस्स आवाज करत तोंडात उतरला आणि तिथेच संपला. लवूने नऊ वेळा ओढलं. दहावी ओढ घ्यायची त्याला भीती वाटली. त्याला दुसरं काही येत नव्हतं. शेती येत नव्हती, दुकानदारी येत नव्हती, टाळही येत नव्हता. उद्या संप मिटला आणि साचा सुरू झाला तर या गळक्या तोंडाने त्याच्यापुढे उभं कसं राहायचं?

मग त्याने गिरणी कामगाराला सुचेल तेच केलं. कांडीवरचा दोरा काढून वळला, त्याचा बोळा केला आणि दाढेच्या जागी पडलेल्या भोकात बसवला. बोळा बसला की चहा बराच खाली जायचा. काही दिवसांनी एक बोळा सकाळी जागेवर दिसला नाही. गिळला असेल, असं समजून लवूने दुसरा केला.

दसऱ्यापर्यंत त्याचा गाल जड झाला. खाली वाकलं की डोळ्याखाली ठणका लागायचा. आवाज गेंगाणा झाला. आणि वास यायला लागला. त्याला स्वतःला येत नव्हता, बाकी सगळ्यांना येत होता. राधेने महिनाभर काही म्हटलं नाही, नंतर एका सकाळी चप्पल घालून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "चला. ह्या घरात सात माणसां ऱ्हवतत. कोणी तरी मेल्यासारो वास येता."

सरकारी इस्पितळाच्या दातांच्या विभागात त्याला पद्मजा नावाची डॉक्टर मिळाली. दादरची, चष्मेवाली, अजून शिकाऊ. तिने आरसा घातला आणि दिवा पाडला.

"काका, दाढ कोणी काढली?"

"जॉबरान."

"कोणते डॉक्टर म्हणालात?"

लवूने डावीकडे पाहिलं. डॉक्टरबाईने तो विषय सोडला. चिमट्याने बाहेरचा बोळा काढला, आणि त्याच्या मागे, वर, आणखी काहीतरी दिसलं. चिमटा आत गेला आणि दोऱ्याचं एक टोक घेऊन बाहेर आला. तिने ओढलं. दोरा आला. तिने आणखी ओढलं, आणखी आला. चिमटा सोडून तिने तो बोटाला गुंडाळायला घेतला. शेजारच्या खुर्चीवरचा पेशंट तोंड उघडं ठेवून पाहत राहिला, आणि त्याचा डॉक्टरही. चार हात दोरा निघाला. त्याचा रंग आणि वास यांचं वर्णन करण्यात अर्थ नाही.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

लवूने तो दोन बोटांत धरून चोळून पाहिला. "चाळीस नंबर," तो म्हणाला. "बाण्याचो."

एक्सरे काढल्यावर तिने त्याला समजावून सांगितलं. प्रत्येक माणसाच्या गालाच्या हाडात, नाकाच्या दोन्ही बाजूंना, एकेक पोकळी असते. तिला सायनस म्हणतात. आत नुसती हवा असते आणि ती नाकात उघडते. वरच्या दाढांची मुळं या पोकळीच्या अगदी तळाशी लागून असतात, मध्ये कागदाएवढं हाड. दाढ जपून काढली तर ते टिकतं. जोर केला तर दाढेबरोबर तेही येतं, आणि तोंडाची वाट थेट सायनसमध्ये जाते.

लवू एक्सरेकडे पाहत राहिला. दोन्ही गालांत दोन काळ्या खोल्या दिसत होत्या, उजवीकडची धुरकट. दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं राहत असताना आपल्या डोक्यात जन्मापासून दोन खोल्या रिकाम्या पडून आहेत, पागडी नाही, भाडं नाही, हे त्याला काही केल्या पटेना.

"आत काय ठेवतत?" त्याने विचारलं.

"काही नाही. रिकामीच असते."

"मगे बांधल्यानी कित्याक?"

"ते नक्की कोणालाच माहीत नाही, काका," डॉक्टरबाई म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसावं. "पण जमीन फुटली आहे, ती बुजवायला हवी."

हे मात्र लवूला लगेच समजलं. वरच्या बिऱ्हाडाची मोरी खालच्याच्या छपरातून गळते, यात त्याला नवीन काही नव्हतं.

तीन आठवडे ती खोली धुण्यातच गेले. डिसेंबरात डॉक्टरबाईने गालाच्या आतलं कातडं सोडवून, ओढून, भोकावर आणलं आणि टाके घातले. लवूने मध्येच बोट वर करून दोऱ्याचा नंबर विचारला. "तीन शून्य, रेशीम," ती म्हणाली. लवूने मानेने पसंती दिली.

मग तिने नियम सांगितले. पंधरा दिवस नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. विडी बंद. फुंकायचं नाही. आणि काहीही, कशातूनही, ओढून प्यायचं नाही. तोंडात ओढ बसली की कातडं फाटणार. लवूने सगळं कबूल केलं. आठव्या दिवशी टाके निघाले. जखम सुरेख भरत होती.

दहाव्या दिवशी दुपारी राधा दादरला गेली.

आता लवू मूर्ख नव्हता. त्याला डॉक्टरबाईचा शब्द न शब्द आठवत होता. पण साचेवाला साचा दुरुस्त झाला की चालवून बघतो. जॉबर म्हणतो झाला म्हणजे झाला असं नसतं. दोन हात कापड निघालं की झाला. आणि फक्त एकदा. त्याने धोटा घेतला, ओठ लावले आणि ओढलं. दोरा जिभेवर आला. एका ओढीत! बारा महिन्यांनी तेलाची ती चव आली आणि लवू इतका सुखावला की त्याने टोक आत सारून आणखी एकदा ओढलं. तेव्हा दाढेच्या जागी काहीतरी उसवल्यासारखं झालं आणि गालातून फुस्स आवाज आला.

"शिंक इली," त्याने इस्पितळात सांगितलं.

डॉक्टरबाईने आरसा बाहेर काढला आणि हातमोजे उतरवले. "काका, ही शिंकेने झालेली जखम नाही. काय ओढलंत?"

लवूने मान खाली घातली, पिशवीत हात घातला आणि धोटा काढून तिच्यापुढे ठेवला. का कोण जाणे, तो बरोबर आणला होता. मग त्याने सगळं सांगितलं. कांडी, भोक, ओढ, दिवसातून दोनशे वेळा, बावीस वर्षं. डॉक्टरबाई ऐकत होती. तिने धोटा हातात घेतला, रुमालाने भोक पुसलं आणि सगळ्यांदेखत ओठ लावून ओढलं. दोरा आला नाही. चार वेळा ओढलं, तोंड लाल झालं, दोरा जागचा हलला नाही. एवढी शिकलेली बाई, पण जमलं नाही. लवूला त्या आठवड्यात तेवढंच एक बरं वाटलं.

"आता टाळूवरचं कातडं फिरवून बसवावं लागेल," ती म्हणाली. "सूज उतरल्यावर, तीन महिन्यांनी. ते जाड असतं, टिकेल. पण या वेळी एकवीस दिवस. आणि काका, हेही फाटलं तर तिसऱ्या वेळी मला झाकायला काही उरणार नाही. मग हे भोक कायमचं."

घरी राधेने धोटा ट्रंकेत टाकला, ट्रंकेवर अंथरुणांची वळकटी ठेवली आणि वळकटीवर बसून विणायला घेतलं. ती तिथेच बसायला लागली.

दुसरं ऑपरेशन त्र्याऐंशीच्या एप्रिलात झालं. तोपर्यंत संप असा काही उरला नव्हता. तो मिटलाही नव्हता आणि मागेही घेतला नव्हता. लोक एकेक करून आत जात होते आणि उरलेले तिकडे बघायचं टाळत होते. ऑपरेशनला अकरा दिवस झाले होते तेव्हा बुधाजी वर आला.

"उद्या दहाला खात्यात ये," तो म्हणाला. "साठ साचे चालू करतायत. नवा वीविंग मास्तर आलाय, तरणा आहे, एकेकाला साच्यावर उभा करून बघतो. पन्नाशीच्या पुढच्यांना वाटेला लावतोय. मी तुझं नाव टाकलंय. सांगितलंय, माझा माणूस एका ओढीत दोरा काढतो, घड्याळ लावून बघा."

"धा दिवस थांबूक जमात?"

"दहा दिवसांनी तिथं दुसरा उभा असेल."

लवूला एकोणपन्नासावं चालू होतं. तोंड लावलं तर नोकरी आणि आयुष्यभर नाकातून चहा. न लावलं तर नुसता चहा, तोही मिळाला तर.

सकाळी तो निघाला तेव्हा राधा वळकटीवरून उठली. तिच्या हातात क्रोशाची सुई होती, पोलादी, बारीक, मधोमध तिच्या बोटांनी घासून चपटी झालेली. तिच्याकडे ती एकच होती. तिने ती लवूच्या सदऱ्याच्या खिशात घातली.

"ह्यो बायलांचो खेळ," ती म्हणाली. "सांभाळून आणा. आणि तोंड लावलात तर माका सांगू नकात."

गिरणीच्या दारावर कोणी बसलेलं नव्हतं. ज्याच्याकडे बघून मान खाली घालावी असं कोणी नव्हतं, तरी लवूने ती घातली. खात्यात निम्मे साचे गंजलेले होते. त्याच्या जुन्या साच्यापाशी मास्तर घड्याळ घेऊन उभा होता आणि बुधाजी त्याच्या शेजारी, लग्नात नवऱ्या मुलाचा मामा उभा असतो तसा.

साचा सुरू झाला. लवूचे पाय आपोआप जागेवर गेले, कान आवाजात बुडाले, आणि सव्वा वर्षात प्रथमच त्याला आपण कुठे आहोत ते नक्की कळलं. कांडी संपली. साचा थांबवला. धोटा काढला, नवी कांडी घातली, टोक भोकाशी नेलं. आणि त्याचं तोंड निघालं. त्याने नेलं नाही, ते आपणहून निघालं. बावीस वर्षांत त्याला कधी सांगावं लागलं नव्हतं. चिनी मातीचं भोक ओठांपासून चार बोटांवर आलं. तिथे लवूने ते थांबवलं. आयुष्यात त्याने एवढा जोर कधी लावला नव्हता.

त्याने खिशातून सुई काढली.

"तोंड लाव!" बुधाजी त्याच्या कानाशी ओरडला. "लवू, माझी लाज घालवतोस काय? तोंड!"

आकडी एकदा भोकाच्या कडेला लागून घसरली. दुसऱ्यांदा आत गेली, दोरा धरला, बाहेर आली. साचा परत सुरू झाला. मास्तरने घड्याळ पाहिलं, मग सुई पाहिली.

"ही कुठून आणलीत?"

"बायलेची," लवू म्हणाला. "टोपडी इणता."

मास्तर बुधाजीकडे वळला. "कंपनीने हूक दिलेत ना? माझ्याकडे कागद आहे. शहात्तर सालचा. बारा डझन."

बुधाजीने कनवटीची किल्ली काढली आणि लोखंडी कपाट उघडलं. पेटी वरच्याच कप्प्यात होती. तेलकट कागदात गुंडाळलेले हूक, रांगेने, चकचकीत. त्यातला एकच कागदाबाहेर होता. सात वर्षांपूर्वी जो लवूच्या हातात आला होता, तो.

"उद्यापासून या," मास्तर लवूला म्हणाला. "आणि हे सगळ्यांना वाटा."

बुधाजी आणि लवू पेटीपाशी उभे राहिले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मग बुधाजीने तो सुटा हूक उचलला, सदऱ्याला पुसला आणि लवूच्या हातावर ठेवला.

लवू घरी आला तेव्हा राधा वळकटीवर रिकाम्या हातांनी बसली होती. सुई नव्हती, म्हणून सकाळपासून तिचं काम बंद होतं. त्याने तिची सुई तिला दिली आणि शेजारी कंपनीचा हूक ठेवला. तिने पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग उठून चहा टाकला, बशीत ओतला आणि त्याच्यापुढे ठेवला. मान सरळ ठेवून लवूने घोट घेतला. दोघंही त्याच्या उजव्या नाकपुडीकडे लक्ष देऊन राहिली. काही आलं नाही. दुसरा घोट घेतला. नाकपुडी कोरडी होती.

"उद्यापासून बोलवल्यानी," तो म्हणाला.

राधेने मान हलवली. नवा हूक घेऊन तिने अर्धवट टोपड्यात दोन टाके घालून पाहिले. "बरो आसा," ती म्हणाली. "नवोच दिसता."

"सात वर्सां कपाटात होतो. आख्खी पेटी. बारा डझन."

"आनि साचेवाले किती तुमी?"

"शंभर. सवाशे धरा."

राधेने आणखी एक टाका घातला. "मगे सगळ्यांक पुरले असते," ती म्हणाली.

टोमणा नव्हता तो. तिने नुसता हिशेब केला होता. पण लवूच्या डोळ्यांपुढे ते सगळे उभे राहिले: पुढचे दात पडलेले, खोकत गावी गेलेले, त्या जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासाठी टाळ्या वाजवून लोटपोट हसलेले. पाच धोट्यांत त्याने ती पेटी बंद केली होती, आणि त्याला ती आपली कमाई वाटत आली होती. त्याला रडू आलं. ते थांबेना. डोळे वाहिले, मग दोन्ही नाकपुड्या वाहायला लागल्या, आणि नाक शिंकरायला तर अजून नऊ दिवस बंदी होती. तो तोंड उघडं ठेवून, डॉक्टरबाईने सांगितलं होतं तसाच, रडत बसला. राधेने टोपडं बाजूला ठेवलं आणि पदराने, दाब न देता, हलक्या हाताने त्याचं नाक टिपत राहिली.